पाईप-फिटिंगच्या दुकानात बारकोड बसवायचाय, सुरुवात कुठून करू?

ठिबकवाला

नमस्कार मंडळी. आमचं पिंपळगाव बसवंत भागात शेतीसाहित्याचं दुकान आहे. पीव्हीसी पाईप आणि फिटिंग, ठिबकचं सामान, सबमर्सिबल मोटारी, स्टार्टर, केबल. पुढे काउंटर, मागे फिटिंगचे रॅक आणि रस्त्यापलीकडे गोदाम. बिलं टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. माल कुठे किती आहे हे मात्र अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या डोक्यात. त्यांना विचारलं की ७५ मिमीचा टी (तीन तोंडांचा जोड) कुठल्या रॅकला, कुठल्या खणात, हे बसल्या जागी सांगतात. आता त्यांचे गुडघे दुखतात, दुपारनंतर ते घरी जातात, आणि मग आमची शोधाशोध सुरू होते.

अडचणी तीन आहेत. पहिली, कॉम्प्युटरवर शिल्लक दिसते आणि रॅकला माल नसतो. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आसपास बागायतदारांची गर्दी असते. तेव्हा 'आहे' म्हणून थांबवलेला माणूस अर्ध्या तासानं रिकाम्या हातानं जातो, ते फार जिव्हारी लागतं. दुसरी, मोटार जळून परत आली की ती आपणच विकली का, कधी विकली, वॉरंटीत आहे का, हे शोधायला जुनी बिलं उपसावी लागतात. तिसरी, आमच्याकडे चेनपुली, पाईप कटर, ड्रिल, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), चिखलपाण्याचा पंप अशी हत्यारं आहेत. ती ओळखीच्या फिटरना वापरायला देतो. कुणाकडे काय आहे याची वही आहे, पण ती भरली जातेच असं नाही.

बारकोडवाले विक्रेते येऊन गेले. एक म्हणतो प्रत्येक नगावर लेबल लावा, दुसरा म्हणतो सगळं मोबाईलवर होईल, तिसऱ्याचं म्हणणं टॅली सोडा. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून ऐकायचं आहे. काय घ्यावं यापेक्षा आधी काय करावं, ते सांगा.

रानफूल

वाचतेय. आमचं स्टेशनरीचं दुकान आहे, हाच प्रश्न आमच्यासमोरही आहे.

स्टोअर_भोसरी

ठिबकवाले दादा, शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. बहुतेक लोक स्कॅनरच्या किमतीपासून सुरुवात करतात.

मी भोसरी एमआयडीसीत एका मशीनिंग कंपनीचं स्टोअर बघतो. आमच्याकडे कच्चा माल, इन्सर्ट, ड्रिल, गेज सगळं बारकोडवर चालतं. त्या अनुभवावरून सांगतो, सगळ्यात आधी आयटमची यादी साफ करा. लेबल, प्रिंटर, सॉफ्टवेअर हे सगळं त्याच्या मागून येतं.

तुमच्या टॅलीत आज काय असणार ते मी इथे बसून सांगू शकतो. '६३ एल्बो' हा एक आयटम, '२ इंची एल्बो' दुसरा, 'एल्बो ६३ एमएम ६ किलो' तिसरा (इथे किलो म्हणजे दाब, वजन नव्हे). तिघं एकच वस्तू. खरेदी एका नावावर चढते, विक्री दुसऱ्या नावावरून उतरते. एकाची शिल्लक वाढत जाते, दुसऱ्याची उणे होते. अशा यादीवर बारकोड चढवला तर घोळ तसाच राहील, फक्त जास्त वेगानं होईल.

म्हणून नाव लिहायची एक पद्धत ठरवा आणि भिंतीवर लावा. आधी वस्तू, मग माप, मग दाब किंवा क्लास, मग कंपनी. 'एल्बो ६३ मिमी ६ किलो' आणि पुढे कंपनीचं नाव. माप मिमीतच. गिऱ्हाईक इंचात मागणार, मागू दे, काउंटरवरच्या पोराला ६३ म्हणजे दोन इंची, ७५ म्हणजे अडीच आणि ९० म्हणजे तीन इंची हे पाठच असतं.

त्याहून मोठं दुखणं म्हणजे एकक. पाईप ६ मीटरचा, बोलायला वीस फुटी. खरेदी नगात आणि विक्री कधी नगात, कधी कापून फुटात. वायरचं बंडल ९० मीटरचं, विक्री मीटरवर. लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक नळी, बंडलनं येतं आणि बंडल सोडून विकलं जातं. ग्रोमेट, टेक-ऑफ, जॉइनर असं नळी जोडायचं बारीक सामान पिशवीनं येतं, विक्री नगावर. शिल्लक जुळत नाही म्हणणाऱ्या दुकानांत मी बघितलंय, चोरीपेक्षा एककानं जास्त माल 'गायब' होतो. प्रत्येक आयटमचं सगळ्यात लहान विक्रीचं एकक ठरवा, शिल्लक त्यातच धरा आणि मोठं एकक पर्यायी म्हणून जोडा. टॅलीत ही सोय आहे, त्यासाठी टॅली सोडायची गरज नाही.

हे काम कंटाळवाणं आहे आणि पैसे देऊन बाहेरच्या माणसाकडून होत नाही. तुमच्या अण्णांना शेजारी बसवा. त्यांच्या डोक्यातलं कागदावर आणायची हीच वेळ आहे. कुठला आयटम मेला आहे, कुठले दोन एकच आहेत, कुठला दिसायला सारखा पण आटे वेगळे, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगणार नाही.

सांगलीकर

+१. यादीचं काम झालं की अर्धी लढाई जिंकली. आमच्या ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात यादी निम्म्यावर आली होती.

रेघोटी

मी सॉफ्टवेअरवाला आहे, गोदामांच्या प्रणाल्या बनवतो. स्टोअर_भोसरी यांनी मुळाचं सांगितलंय, मी बारकोडबद्दल थोडं लिहितो, कारण विक्रेते इथेच गोंधळ घालतात.

बारकोडमध्ये बहुतेक वेळा फक्त एक नंबर असतो. नाव, भाव, शिल्लक काही नसतं. स्कॅनर तो नंबर वाचतो आणि कॉम्प्युटरला टाईप करून देतो, शेवटी एंटर दाबतो. साधा यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो. कुठल्याही सॉफ्टवेअरच्या, अगदी एक्सेलच्या चौकटीत कर्सर ठेवून स्कॅन केलंत तर नंबर उमटेल. त्यामुळे 'आमच्या सॉफ्टवेअरला आमचाच स्कॅनर लागतो' असं कुणी म्हटलं तर कान टवकारा. टॅलीत आयटमच्या अलियसमध्ये (पर्यायी नावाच्या चौकटीत) तो नंबर टाकून ठेवलात, तर बिल करताना स्कॅन केल्यावर आयटम आपोआप निवडला जातो. प्रयोग करून बघायला एक स्कॅनर पुरतो.

आता नंबर कुठला? कंपनीच्या डब्यावर, पिशवीवर छापलेला असेल तर तोच वापरा. तो बहुधा १३ आकडी असतो. सुरुवातीचे ८९० म्हणजे ती कंपनी जीएस१ इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडे नोंदलेली आहे. माल भारतात बनला असा त्याचा अर्थ होत नाही, हा गैरसमज फार पसरलाय. तेरावा आकडा तपासणीचा. पहिल्या बारा आकड्यांतले १, ३, ५ अशा विषम जागांवरचे जसेच्या तसे आणि सम जागांवरचे तिप्पट करून बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते बघायचं. ८९०१२३४५६७८९ घ्या. विषम जागांची बेरीज २८, सम जागांची ३४, तिची तिप्पट १०२, एकूण १३०. दहाची पट झालीच, म्हणून शेवटचा आकडा ०. हातानं टाकताना एक आकडा चुकला तर तो इथे पकडला जातो.

सुट्या फिटिंगवर बारकोड नसतोच. तिथे स्वतःचा नंबर द्या. तो दुकानाबाहेर जाणार नसल्यानं कुणाकडे नोंदणीची किंवा फी भरायची गरज नाही. १३ आकडी साच्यात हवा असेल तर २० ते २९नं सुरू होणारे नंबर अशा अंतर्गत वापरासाठीच राखलेले आहेत. पण मी म्हणेन कोड १२८ हा प्रकार वापरा आणि सरळ सहा आकडी अनुक्रमांक द्या. कोड १२८ मध्ये आकड्यांच्या जोड्या एका चिन्हात बसतात, त्यामुळे आकड्यांची संख्या सम असली की लेबल आखूड होतं.

एक विनंती. नंबरात अर्थ कोंबू नका. 'पहिले दोन आकडे कंपनी, पुढचे दोन माप' असलं काही करू नका. उद्या कंपनी नाव बदलते, नवीन माप येतं आणि रचना फुटते. अर्थ यादीत ठेवा, नंबर मुका राहू दे.

हे तंत्र किती जुनं आहे हेही सांगायला आवडेल. अमेरिकेत वुडलँड आणि सिल्व्हर या दोघांनी १९४९ साली पेटंटचा अर्ज केला, १९५२ मध्ये ते मिळालं. मॉर्सच्या ठिपके-रेघा खाली ओढून लांब केल्या तर काय, या विचारातून वुडलँडना ते सुचलं. पण दुकानात पहिली वस्तू स्कॅन झाली ती २६ जून १९७४ला, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगमचं पाकीट. स्वस्त लेझर आणि कॉम्प्युटर यायला मधली दोन दशकं गेली. चांगली कल्पनाही आजूबाजूची तयारी होईपर्यंत थांबते, म्हणून तुम्हीही यादी तयार होईपर्यंत घाई करू नका.

ठिबकवाला

दोघांचेही मनापासून आभार. अण्णांना काल रात्री हे वाचून दाखवलं. 'उणे शिल्लक' ऐकल्यावर त्यांनी लगेच तीन आयटमची नावं सांगितली, टॅलीत बघितलं तर तिन्ही उणे.

आता प्रश्न असा, की एल्बोवर लेबल लावायचं कसं? वस्तू वाकडी, धूळ बसलेली. दिवसाला शेकडो नग जातात. आणि मोबाईलवर स्कॅन केलं तर चालेल का?

स्टोअर_भोसरी

दहा-वीस रुपयांच्या फिटिंगवर लेबल लावू नका. लेबल आणि लावणाऱ्याचा वेळ धरला तर नफ्याचा लचका जाईल. लेबल खणाला लावा. रॅकच्या पट्टीवर आयटमचं नाव, मोठ्या अक्षरात माप आणि बारकोड. काउंटरसाठी एक फाईल करा. नेहमी जाणाऱ्या फिटिंगचे फोटो, नाव, बारकोड एका पानावर, प्लास्टिकच्या जॅकेटमध्ये. पोरगा माल मोजतो, फाईलमधला कोड स्कॅन करतो, नग टाईप करतो.

जे सीलबंद पिशवीत किंवा डब्यात येतं त्याला डब्यावर लेबल. मोटार, स्टार्टर, फिल्टर, व्हेंच्युरी (ठिबकमधून खत सोडायचं साधन) अशा महाग वस्तूंना नगावर लेबल. वस्तू किती किमतीची, किती वेगानं जाते आणि हरवली तर किती दुखतं, त्यावर हे ठरवा.

मोबाईल गोदामातल्या मोजणीला चालतो. काउंटरवर गर्दीत नाही. कॅमेरा नेम धरतो, अंधारात अडखळतो आणि मध्येच फोन येतो. काउंटरला तारेचा स्कॅनर घ्या.

रेघोटी

मोबाईलबाबत मी थोडा वेगळा विचार करतो. गोदाम रस्त्यापलीकडे आहे, तिथे कॉम्प्युटर ठेवणार नसाल तर माल उतरवतानाच मोबाईलवर नोंद झाली पाहिजे. 'नंतर दुकानात जाऊन टाकू' म्हटलेली आवक नोंद दुसऱ्या दिवशी होते, आणि तोवर काउंटर 'नाही' म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतो. काउंटरबद्दल मात्र सहमत.

स्कॅनर घेताना टूडी घ्या, म्हणजे रेघांचा आणि क्यूआर असे दोन्ही वाचतो. जुन्या पद्धतीचा लेझर स्कॅनर क्यूआर वाचत नाही आणि मोबाईलच्या पडद्यावरचा कोडही बहुधा वाचत नाही.

औषध_घाऊक

आमचा औषधांचा घाऊक व्यवसाय, लातूर. आमच्याकडे बॅच आणि मुदत यांच्याशिवाय पान हलत नाही. तुमच्याकडेही एक वस्तू तशी आहे, सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे पाईप जोडायचा गोंद. त्याला मुदत असते. जुना डबा मागे आणि नवा पुढे, असं रॅकला झालं की मागचे घट्ट होऊन वाया जातात. अशा आयटमला सॉफ्टवेअरमध्ये बॅच आणि मुदत चालू करा, 'आधी संपणारं आधी विका' ही यादी दर महिन्याला काढा.

मालाच्या नोंदीत तीन दर्जे असतात. काही वस्तू फक्त मोजायच्या, एल्बोसारख्या. काही बॅचनं ओळखायच्या, सिमेंटसारख्या. काही प्रत्येक नग वेगळा ओळखायचा, मोटारीसारख्या. सगळ्यांना एकच नियम लावला तर काम वाढतं आणि लोक नोंद टाळायला लागतात.

आमच्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. त्यात बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत, परवाना क्रमांक असं सगळं असतं. म्हणजे तिथे कोडमध्ये नुसता नंबर नसून माहितीही आहे. आवक करताना बॅच हातानं टाकायची कटकट त्या पाकिटांपुरती तरी वाचू शकते, सॉफ्टवेअर ते वाचणारं हवं.

ठिबकवाला

मोटारीचं कसं करायचं मग? प्लेटवर सिरीयल नंबर असतो, पण काही कंपन्यांचा बारकोड फक्त खोक्यावर असतो, आणि खोकं शेतकरी फेकून देतो.

स्टोअर_भोसरी

दोन वेळा स्कॅन. आवक होताना खोक्यावरचा सिरीयल स्कॅन करून साठ्यात घ्यायचा, विकताना तोच स्कॅन करून बिलावर छापायचा. बिलावर सिरीयल आला की वॉरंटीचा प्रश्न निम्मा सुटतो. बिल हरवलं तरी तुमच्याकडे सिरीयल टाकला की गिऱ्हाईकाचं नाव आणि तारीख निघते. प्लेटवरचा आणि खोक्यावरचा नंबर जुळतो का, हे आवकेलाच बघा. विकताना बघितलंत तर भांडण गिऱ्हाईकासमोर होतं.

टॅलीत सिरीयलसाठी लोक बॅचची सोय वापरतात, प्रत्येक मोटारीची एक बॅच. चालतं. मोटारी फार असतील तर सिरीयल मुळातूनच सांभाळणारं सॉफ्टवेअर बघा.

सीए_अनघा

एक-दोन गोष्टी हिशेबाच्या बाजूनं.

जीएसटी नियम ५६ प्रमाणे साठ्याची नोंद ठेवणं बंधनकारक आहे, आणि त्यात नुसती आवक-जावक पुरत नाही. हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला, निर्लेखित केलेला (हिशेबातून काढून टाकलेला), नमुना म्हणून फुकट दिलेला मालही वेगळा दाखवायचा असतो. आणि अशा मालावर घेतलेली कराची वजावट कलम १७(५)(ज)नुसार मिळत नाही, घेतली असेल तर परत करावी लागते. त्यामुळे मोजणीत तूट निघाली की ती गुपचूप विक्रीत किंवा 'इतर'मध्ये जिरवायची सवय मोडा. सॉफ्टवेअरमध्ये तूट, फूट, नमुना अशी वेगळी कारणं करून ठेवा आणि ३१ मार्चची वाट न बघता नोंदवा. वेळच्या वेळी नोंदलेली तूट समजावून सांगता येते. वर्षअखेरीला एकदम आलेला मोठा आकडा समजावणं जड जातं.

दुसरं, हत्यारांबद्दल. चेनपुली, मेगर, पंप हा तुमचा विक्रीचा माल नाही, ती दुकानाची स्थिर मालमत्ता (फिक्स्ड ॲसेट) आहे, तिच्यावर घसारा धरला जातो. ती साठ्याच्या यादीत मिसळू नका. वेगळी नोंदवही करा: खरेदीची तारीख, किंमत, पुरवठादार, कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे. अनेक कंपन्यांच्या लेखापरीक्षणात तर 'कुठे आहे' याची नोंद आणि ठरावीक काळानं केलेली प्रत्यक्ष पडताळणी यावर लेखापरीक्षकाला अहवालात लिहावंच लागतं. तुमची मालकीची पेढी असेल तर ते लागू नाही, पण बँक कर्ज देताना साठ्याचं विवरण मागतेच.

रानफूल

अनघाताई, पुरवठादाराच्या ई-इन्व्हॉइसवर क्यूआर असतो ना, तो स्कॅन केला की माल आपोआप चढतो का?

सीए_अनघा

नाही चढत. त्या क्यूआरमध्ये विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, किती ओळी आहेत, मुख्य वस्तूचा एचएसएन (वस्तूच्या वर्गाचा कोड) आणि आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) एवढंच असतं. एकेक वस्तूची यादी त्यात नसते. बिल खरं आहे का हे तपासायला तो उपयोगी. माल मोजूनच घ्यावा लागेल.

न्यूजर्सीकर

आवक मोजण्याबद्दल एक पद्धत सांगतो. मी इथे एका वितरण गोदामात पाळीप्रमुख आहे. ट्रक आला की उतरवणाऱ्याच्या हातात बिल देत नाही. त्यानं स्कॅन करून स्वतः मोजायचं, आकडा टाकायचा आणि मग दुसऱ्यानं बिलाशी ताडायचं. बिल हातात असलं की डोळा बिलातलाच आकडा बघतो. पहिल्यांदा कटकट वाटते, पण पुरवठादाराकडून कमी आलेला माल त्याच दिवशी पकडला जातो.

आणि वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून सगळं मोजण्यापेक्षा रोज थोडं मोजा. सगळ्यात जास्त उलाढालीचे आयटम 'अ' गटात, ते महिन्यातून एकदा. मधले 'ब', ते तिमाहीत. बाकीचे 'क', वर्षातून एकदा किंवा दोनदा. रोज सकाळी काउंटर उघडण्याआधी दहा-पंधरा खण. तफावत आली की लगेच शोधता येते, कारण काय घडलं ते अजून लोकांच्या लक्षात असतं.

जागेलाही नंबर द्या. रॅक, मजला, खण. 'ग-०३-१२' असं लेबल खणाला. माल ठेवताना जागा आणि आयटम दोन्ही स्कॅन. तुमच्या अण्णांची आठवण सगळ्या दुकानाला वापरता येईल ती अशी.

ठिबकवाला

हे शेवटचं वाक्य अण्णांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण आज सकाळी खडू घेऊन रॅकवर नंबर टाकत होते.

हत्यारांचं कसं करावं, यावर कुणी लिहील का? पैशांपेक्षा मैत्रीचा प्रश्न आहे. फिटर लोक वीस-वीस वर्षांचे आहेत, त्यांच्याकडून सही मागायला संकोच वाटतो.

ग्रंथपाल_ताई

यावर माझ्याकडे उत्तर आहे, कारण मी आयुष्यभर वस्तू उधार देण्याचंच काम केलं. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते.

पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक पडतो. त्याच पुस्तकाच्या पाच प्रती असल्या तर पाच वेगळे क्रमांक. सभासदाचाही क्रमांक. देवघेव म्हणजे सभासदाचं कार्ड आणि पुस्तक दोन्ही स्कॅन करणं, परत आलं की नुसतं पुस्तक. कोहा नावाची मुक्त (ओपन सोर्स) प्रणाली अनेक ग्रंथालयं वापरतात, आम्हीही तीच वापरली. तुमच्या हत्यारांना हीच पद्धत तंतोतंत लागू पडते. प्रत्येक ड्रिलला क्रमांक, प्रत्येक फिटरला कार्ड. सही मागू नका, कार्ड द्या. दुकानाचं नाव, त्यांचं नाव, मागे बारकोड. त्या कार्डावर मालाच्या खरेदीत थोडी सवलत ठेवलीत तर ते कार्ड मानाचं होईल आणि ते स्वतःहून काढून देतील. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी हे पाहिलं आहे. ज्या नोंदीत संशय दिसतो ती लोक टाळतात, ज्या नोंदीत आपली ओळख दिसते ती करतात.

परतीची तारीख ठेवा आणि उशीर झाला तर दंडाऐवजी आठवणीचा फोन. खरी अडचण बहुधा अशी असते, की वस्तू एका फिटरकडून परस्पर दुसऱ्याकडे गेलेली असते. तेव्हा दुसऱ्यानं फोन केला तरी नोंद बदलून घ्या, दुकानात आणायचा आग्रह नको.

रेघोटी

ताई, फार छान. याला जोड म्हणून सांगतो, स्नाइप-आयटी नावाची मुक्त प्रणाली अगदी याच कामासाठी आहे, वस्तू कुणाला दिली आणि परत कधी आली. क्यूआरची लेबलंही तीच छापते. मुंबईच्या फ्रॅपेनं बनवलेलं ईआरपीनेक्स्टही मुक्त आहे, त्यात साठा, सिरीयल, बॅच आणि मालमत्ता असे सगळे भाग आहेत, पण ते उभं करायला जाणकार माणूस लागतो. तुमच्या थोड्या हत्यारांसाठी सुरुवातीला एक्सेलचं पान आणि स्कॅनर एवढ्यावरही भागेल.

हत्यारांवर क्यूआर लावा, रेघांचा नको. क्यूआर १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हनं गाड्यांच्या सुट्या भागांसाठीच बनवला, म्हणजे कारखान्यातलं तेल-धूळ गृहीत धरून. दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. छापताना ती पातळी निवडावी लागते.

सराफकट्टा

आमचा कोल्हापुरात सराफीचा व्यवसाय. प्रत्येक दागिन्याला शेपटीचा टॅग, रात्री दुकान बंद करायच्या आधी ट्रेमागून ट्रे स्कॅन. कमी असला तर तिथंच कळतं. भावा, मोटारी आणि महाग स्टार्टरचं असं आठवड्याला करायला काहीच हरकत नाही.

ठिबकवाला

सगळं वहीत उतरवून घेतलंय. ठरवलं ते असं. दिवाळीपर्यंत फक्त यादी आणि एकक. टॅली सोडत नाही. मग खणांची लेबलं, काउंटरला टूडी स्कॅनर, गोदामात मोबाईल. मोटारींना सिरीयल पहिल्या दिवसापासून. फिटरची कार्डं पाडव्याला वाटायची, ही कल्पना अण्णांची.

आता शेवटचं, प्रिंटर आणि लेबल. एका दुकानानं दाखवलेलं लेबल नखानं घासलं तर काळं झालं.

स्टोअर_भोसरी

ते थेट उष्णतेनं छापलेलं लेबल. त्यात शाई नसते, कागदच तापून काळा होतो. पावतीला किंवा काही दिवसांत जाणाऱ्या पाकिटाला ठीक. पत्र्याच्या गोदामात उन्हाळ्यात ते एकतर काळवंडेल किंवा उडून जाईल. तुम्हाला रिबनवाला प्रिंटर हवा. एकाच प्रिंटरमध्ये रिबन आणि लेबल बदलून दोन कामं होतात. खणाच्या लेबलांना साधा कागद आणि मेणाची रिबन, स्वस्त पडतं. हत्यारं आणि मोटारींना पॉलिएस्टरचं लेबल आणि रेझिनची रिबन, त्याला तेल, पाणी, घासणं सोसतं. रिबन आणि लेबल जोडीनं घ्या. पॉलिएस्टरवर मेणाची रिबन वापरली तर बोटानं पुसली जाते.

छपाईला २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके) पुरतं. बारीक क्यूआर छापायचा असेल तरच ३००. आणि बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडा. लेबल लहान म्हणून रेघा कडेपर्यंत ताणल्या की स्कॅनर वाचत नाही आणि दोष स्कॅनरला जातो.

चिटकवण्याआधी जागा नीट पुसून कोरडी करा. ड्रिलला मुठीवर आणि हवेच्या जाळीवर नको, बाजूच्या सपाट भागावर. चेनपुलीला लेबल टिकणार नाही, तिला ॲल्युमिनियमचा बिल्ला नंबर कोरून रिव्हेटनं बसवा. सबमर्सिबल पाण्यात जाते, म्हणून तिच्यावर काही चिकटवू नका. लेबल स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावा आणि त्यावर मोटारीचा सिरीयल छापा. मेकॅनिक आला की झाकण तो उघडतोच.

ठिबकवाला

स्टार्टरच्या झाकणाचं आम्हाला सुचलंच नसतं. काही स्टार्टर जुनेच राहतात आणि मोटार फक्त बदलते, तेव्हा काय?

स्टोअर_भोसरी

नवी मोटार देताना छापलेलं लेबल गिऱ्हाईकाच्या हातात न देता बिलाला टाचून फिटरकडे द्या. जुन्या लेबलावर चिकटवायला सांगू नका, खाली लावायला सांगा. मागची मोटार कधी गेली होती, हेही मग तिथंच दिसेल.